आखूड पायांच्या कुत्र्यांतील पाठदुखी व तिची निगा

शेतवस्तीच्या राखणीसाठी आपल्याकडे पूर्वापार गावठी कुत्राच पाळला जात असे. अलीकडे मात्र तालुक्याच्या गावांतून, बागायतदारांच्या घरांतून, क्वचित कोंबड्यांच्या शेडजवळही, लांब पाठीचा व आखूड पायांचा डॅशहुंड जातीचा कुत्रा पाहावयास मिळतो. अंगाने लहान, आवाजाने मोठा आणि घुशीच्या बिळात तोंड खुपसण्यास सदैव तयार असा हा प्राणी घरातील मुलांचा फार लवकर लाडका होतो. परंतु त्याच्या पाठीच्या कण्यास एक विशिष्ट विकार जडण्याचा संभव असतो व त्याची पुरेशी माहिती पाळणाऱ्यांस नसते. जगभरच्या अनुभवावरून पाहता या जातीच्या दर चार-पाच कुत्र्यांमागे एकास आयुष्यात केव्हा तरी हा त्रास होतो. वेळीच योग्य निगा राखल्यास यांपैकी पुष्कळ कुत्री शस्त्रक्रियेवाचून बरी होतात. मात्र अज्ञानाने केलेल्या उपचारांमुळे चालता कुत्रा दोन-तीन दिवसांत पांगळा होऊ शकतो.

या आजाराची हकीगत बहुधा एकाच वळणाने जाते. रोज पलंगावर उडी मारून बसणारा कुत्रा एके दिवशी पलंगाखालीच उभा राहतो. मुलाने नेहमीप्रमाणे काखेत हात घालून उचलताच तो किंचाळतो. पोट हाताला दगडासारखे कडक लागते, म्हणून घरातील मंडळी पोटदुखीचा तर्क करतात व ओवा किंवा हिंग पाजतात. दुसऱ्या दिवशी कोणी तरी पाठीचे दुखणे ओळखतो आणि आजोबांच्या गुडघ्यासाठी आणलेल्या गोळीचा तुकडा भाकरीत घालून त्यास चारतो. कुत्र्यास बरे वाटू लागते. तिसऱ्या दिवशी ते मांजरामागे अंगणभर धावते. त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे मागील पाय फरशीवरून ओढत जाताना दिसतात. या हकीगतीत दोन चुका आहेत. माणसाची गोळी दिली ही पहिली चूक सहज लक्षात येते. दुखणे कमी झालेल्या कुत्र्यास मोकळे सोडले ही दुसरी चूक मात्र कोणाच्याच ध्यानात येत नाही, आणि पाय जातात ते बहुधा तिच्यामुळे.

पाठीत काय बिघडते

कुत्र्याच्या मानेत ७, छातीच्या भागात १३, कमरेत ७ व त्यामागे एकत्र जुळलेले ३ मणके असतात. त्यानंतर शेपटीचे मणके येतात. मानेतील पहिल्या दोन मणक्यांची जोडी सोडल्यास, हालचाल करणाऱ्या प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक चकती असते. चकतीचा गाभा मऊ व पाणीदार असून त्याभोवती चिवट तंतूंचे कडे असते. बैलगाडीच्या धक्क्यात गवताची गादी जे काम करते तेच काम ही चकती करते. चकतीच्या लगेच वरच्या बाजूस, मणक्यांच्या पोकळीतून, मज्जारज्जू गेलेला असतो. मेंदूकडून पायांकडे जाणाऱ्या आज्ञा आणि पायांकडून मेंदूकडे येणाऱ्या संवेदना याच मार्गाने जातात.

डॅशहुंड ही जात जर्मनीत बॅजर नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या शिकारीसाठी तयार झाली. बिळात शिरता यावे म्हणून पाय आखूड असलेले कुत्रे पिढ्यानपिढ्या निवडले गेले. ज्या आनुवंशिक दोषामुळे पायांची हाडे आखूड राहतात, त्याच जातीच्या दोषामुळे चकत्यांचा गाभाही अकाली सुकतो, हे त्या वेळी कोणास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. हान्सेन या स्वीडिश पशुवैद्यकाने १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा कुत्र्यांच्या चकत्यांतील बदलाचे सविस्तर वर्णन केले. त्यांनी केलेले दोन प्रकार आजही पशुवैद्यक वापरतात. चकत्या लवकर सुकण्याशी निगडित असलेला जनुकीय फेरफार २०१७ मध्ये कुत्र्याच्या बाराव्या गुणसूत्रावर निश्चित करण्यात आला.

कुत्रे अवघे एक वर्षाचे होईपर्यंत त्याच्या बहुतेक चकत्यांचा गाभा मऊपणा गमावून कूर्चेसारखा होऊ लागतो; पुढे कित्येकदा त्यात चुना साठतो. बाहेरून कुत्रे धडधाकट दिसते. पुढे तीन ते सात वर्षांच्या वयात केव्हा तरी कडे फाटते व आतील कोरडा, खडूसारखा गाभा वर मज्जारज्जूवर जाऊन आदळतो. उडी हे निमित्त असते, पण चकती आधीच कुजलेली असते. म्हणूनच काही कुत्र्यांस नुसते आळस देतानाही हा त्रास सुरू होतो, आणि घरच्यांनी आपसांत दोषारोप करण्यात अर्थ नसतो. छातीचा भाग संपून कंबर सुरू होते तेथील चकत्या सर्वांत अधिक फाटतात. त्यापुढील छातीच्या भागात दोन्हीकडच्या फासळ्यांना जोडणारा एक चिवट बंध चकतीवरून आडवा जातो व तिला आवरून धरतो. सबब तेथे हा प्रकार क्वचितच घडतो. मानेतील चकत्याही फाटतात. पग, पेकिनीज, शिह त्झू, ल्हासा आप्सो, बीगल, कॉकर स्पॅनियल व फ्रेंच बुलडॉग या जातींतही हा विकार आढळतो; परंतु डॅशहुंडाइतका तो इतर कोणत्याही जातीस ग्रासत नाही.

ओळख

कुत्रा पाठ कमानीसारखी वर काढून उभा राहतो, पायऱ्या टाळतो, थरथरतो, खाण्याकडे पाठ फिरवितो, हाक मारली असता मान न वळविता सारे अंग वळवितो. मानेचे दुखणे असल्यास डोके खाली घालून, नाक जमिनीजवळ धरून चालतो; जमिनीवरील भांड्यातून खाणे त्यास जड जाते, मात्र तेच भांडे वर धरले की तो खातो. ही शेवटची खूण साधी असून फार उपयोगी आहे.

केवळ वेदना असणे आणि पायांवर परिणाम होणे यांतील फरक प्रत्येक पाळणाऱ्यास कळलाच पाहिजे. मज्जारज्जूवर दाब वाढू लागला की प्रथम मागील पायांचा तोल जातो. चालताना ते एकमेकांत अडकतात, पंजा उलटा पडतो, नखांच्या वरच्या बाजू घासल्या जातात. शहाबादी फरशीवर रात्री नखे खरखर ओढल्याचा आवाज येऊ लागला तर तो ऐकून न ऐकल्यासारखे करू नये. त्यापुढची पायरी म्हणजे उभे न राहता येणे, त्यापुढची म्हणजे पाय मुळीच न हलणे व लघवी तुंबणे, आणि सर्वांत शेवटची म्हणजे पायाच्या बोटांतील खोल वेदनेची जाणीवही नाहीशी होणे. ही जाणीव आहे किंवा नाही याची परीक्षा पशुवैद्यकानेच करावयाची असते. घरी पंजा चिमटून पाहणाऱ्यांची एक हमखास फसगत होते: चिमटा घेताच पाय आखडला म्हणजे जाणीव आहे असे ते समजतात. वस्तुतः मेंदूशी संबंध तुटल्यावरही पाय आखडू शकतो. कुत्र्याने मान वळवून पाहिले, कण्हले किंवा चावावयास धावले, तरच ती जाणीव मानली जाते.

येथे आणखी एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. मागील पाय लुळे पडणे हे पिसाळ रोगाचेही लक्षण असू शकते. कुत्र्यास रेबीजची लस वेळेवर टोचलेली नसेल, त्याचा आवाज बदललेला असेल, जबडा लोंबत असेल, लाळ गळत असेल अथवा गिळता येत नसेल, तर त्याच्या तोंडात हात घालू नये, औषध पाजण्याचा खटाटोप करू नये, मुलांस दूर ठेवावे व पशुवैद्यकास ही माहिती आधी द्यावी. पाठदुखीने बेजार झालेले लसवंत कुत्रेही उचलणाऱ्यास चावते. अशा वेळी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी व विलंब न लावता माणसाच्या दवाखान्यात जावे. अंगात ताप असलेल्या कुत्र्याची पाठदुखी चकतीची नसून जंतुसंसर्गाचीही असू शकते. तिचे उपचार निराळे आहेत.

घरातील गोळ्या

वेदनाशामक औषधे माणसाची व कुत्र्याची वेगळी का, असा प्रश्न विचारला जातो. कुत्र्याचे शरीर ही औषधे माणसाच्या शरीराप्रमाणे बाहेर टाकीत नाही. आयबुप्रोफेनच्या बाबतीत सोसवणारी मात्रा व विषारी मात्रा यांत कुत्र्यामध्ये फारच थोडे अंतर असते. त्याने जठरात व्रण पडतात व मूत्रपिंडे निकामी होतात. डायक्लोफेनॅक व नॅप्रोक्सेन यांचेही तसेच. पॅरासिटामॉल अधिक मात्रेत यकृताची नासाडी करते आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटविते. घरात मांजर असल्यास त्यास तर एक गोळीही प्राणघातक ठरू शकते. लहान कुत्र्याचे वजन माणसाच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतकेच असल्यामुळे ‘अर्धीच गोळी दिली’ हे समर्थन फोल आहे.

डायक्लोफेनॅकविषयी खेड्यांतून एक गैरसमज आढळतो. जनावरांसाठीच्या या औषधावर भारतात २००६ मध्ये बंदी घालण्यात आली ती गिधाडांच्या रक्षणार्थ. औषध टोचलेल्या जनावरांची प्रेते खाऊन गिधाडे मूत्रपिंडाच्या विकाराने मरत होती. यावरून काही जण असा अर्थ काढतात की, पुरल्या जाणाऱ्या कुत्र्यास ते दिले तर बिघडत नाही. कुत्र्यास ते वर्ज्य आहे ते त्याच्या स्वतःच्या जठरासाठी.

पशुवैद्यक कुत्र्याचे वजन करून मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन यांसारखे औषध, व गरजेप्रमाणे गॅबापेंटिन अथवा स्नायूंची आखड कमी करणारे औषध देतात. ही औषधे नेमून दिलेल्या मात्रेत, बहुधा अन्नाबरोबर, नेमून दिलेल्या दिवसांपुरतीच द्यावी. गॅबापेंटिनचे माणसांसाठीचे पातळ औषध दुकानातून परस्पर आणू नये. त्यात गोडीसाठी घातलेले झायलिटॉल असू शकते आणि ते कुत्र्यास विष आहे. उलटी, भूक मंदावणे, डांबरासारखी काळी विष्ठा यांपैकी काहीही दिसताच औषध थांबवून पशुवैद्यकास कळवावे.

प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन यांसारखी स्टेरॉइड औषधे आणि वर सांगितलेली वेदनाशामके ही दोन्ही एकाच वेळी कुत्र्याच्या पोटात जाता कामा नयेत. दोहोंच्या संयोगाने जठराला छिद्र पडून कुत्रे दगावते. अडचण अशी की, एका दवाखान्यात टोचून घेतलेले औषध दुसऱ्या दवाखान्यात सांगितले जात नाही, आणि घरी दिलेली गोळी तर संकोचाने कोठेच सांगितली जात नाही. पशुवैद्यकापुढे कुत्रा ठेवताना मागील आठ-पंधरा दिवसांत काय काय दिले ते प्रामाणिकपणे सांगावे. वेष्टने जपून ठेवून बरोबर न्यावी. मालकाने लपविलेली अर्धी गोळी कुत्र्यास जितकी घातक असते तितका मूळ विकारही कधी कधी नसतो.

बिब्ब्याचे तेल लावणे, पाठीवर डाग देणे, हाडवैद्याकडून पाठ ‘बसवून’ घेणे हे तिन्ही प्रकार निषिद्ध समजावे. पहिल्याने कातडी भाजते व चाटल्यामुळे तोंडही पोळते, दुसरा निव्वळ क्रूरपणा आहे, आणि तिसऱ्याने अर्धवट बाहेर आलेला गाभा पुरता बाहेर येतो. जोराने मालिश करणेही तसेच. माणसाचे वेदनाहारी मलम कुत्रा चाटून टाकतो व ते पोटात जाते.

बंदिस्त विश्रांती

औषध वेदना शमविते. फाटलेले कडे सांधण्याचे काम मात्र शरीर स्वतःच करते आणि त्यास वेळ लागतो. त्या अवधीत कण्यास हिसका बसू न देणे हाच खरा उपचार होय. यास्तव कुत्र्यास किमान चार आठवडे, पशुवैद्यकाने सांगितल्यास सहा आठवडे, पिंजऱ्यासारख्या लहान जागेत ठेवणे आवश्यक असते. बाहेर आलेला गाभा या मुदतीत काहीसा विरतो, सूज उतरते आणि कड्याच्या जागी चिवट वण तयार होतो. केवळ वेदना असलेली किंवा डळमळत का होईना पण स्वतः चालू शकणारी बहुतांश कुत्री एवढ्या उपचाराने सुधारतात.

‘विश्रांती’ या शब्दाचा अर्थ घरोघरी निरनिराळा केला जातो. फिरावयास न नेणे म्हणजे विश्रांती नव्हे. खोलीत कोंडणेही पुरेसे नाही. दाराशी घंटा वाजली की कुत्रा खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतोच. साखळीने बांधणे तर अधिक वाईट, कारण साखळीस बसणारा प्रत्येक हिसका कण्यावर जातो. जागा एवढीच असावी की कुत्र्यास उभे राहता यावे, वळता यावे व अंग पसरून निजता यावे. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत अंतर मोजून त्यात एक वीत मिळवावी. तेवढी लांबी पुरे. विकतचा पिंजरा नसल्यास फळांच्या बाजारातील मजबूत लाकडी खोक्याची एक बाजू काढून तेथे जाळीचे दार बसवावे. कोंबड्यांचे खुराडे वापरावयाचे झाल्यास ते धुऊन, उन्हात वाळवून, गोचीड-पिसवा नाहीत याची खात्री करून घ्यावी. वरून उघडणाऱ्या उथळ टोपलीचा उपयोग नाही. तीतून उडी मारण्याचा मोह कुत्र्यास आवरत नाही. तळाशी दाट गोधडी घालून तिच्यावर न सरकणारे गोणपाट ताणून बसवावे. मार्च ते मे या काळात पिंजरा पत्र्याखाली ठेवू नये. घरातील माणसे जेथे बसतात तेथे, पण पायवाटेपासून बाजूला, अशी जागा उत्तम. एकट्या पडलेल्या कुत्र्याची तडफड त्याच्या पाठीस भोवते.

दिवसातून चार-पाच वेळा शौच व लघवीसाठी त्यास उचलून बाहेर न्यावे आणि गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीला बसणारा पट्टा लावून, आखूड दोरीवर, पाच मिनिटांत परत आणावे. मागील पाय डळमळत असल्यास जुन्या लुगड्याची रुंद पट्टी कमरेखालून झोळीसारखी घेऊन आधार द्यावा. उचलून धरू नये, केवळ तोल सांभाळावा. उचलण्याची रीत घरातील प्रत्येकाने, विशेषतः मुलांनी, शिकून घ्यावी. एक हात छातीखाली, दुसरा मागील मांड्यांखाली, आणि पाठ जमिनीस समांतर. पुढील पाय किंवा काखा धरून उचलणे कायमचे बंद करावे.

पहिला आठवडा सोपा असतो, कारण कुत्र्यासच हलावेसे वाटत नाही. खरी कसोटी दुसऱ्या आठवड्यात लागते. औषधाने वेदना थांबलेली असते, कुत्रे भुंकते, पिंजऱ्याचे दार ओरबाडते, केविलवाणे पाहते, आणि घरातील एखादी वडीलधारी व्यक्ती ‘मुक्या जिवाला किती कोंडाल’ असे म्हणून कडी काढते. त्या दयेची किंमत कुत्र्याच्या पायांनी मोजावी लागते. वेदना हीच आजवर त्याला हलू देत नव्हती. औषधाने ती पहाऱ्यावरून उठविल्यावर तिच्या जागी पिंजऱ्याचे दार असलेच पाहिजे. म्हणूनच जाणते पशुवैद्यक पिंजऱ्याची सोय झाल्याची विचारणा आधी करतात व वेदनाशामक नंतर लिहून देतात. कुत्र्याचे मन रमविण्यासाठी त्याचे रोजचेच अन्न थोडे थोडे करून, कापडाच्या घडीत लपवून, पिंजऱ्यातच द्यावे. तरीही ते शांत राहत नसेल तर सौम्य शामक औषधाविषयी पशुवैद्यकास विचारावे. सुटका हा त्यावरील उपाय नव्हे.

या काळात रोज सकाळ-संध्याकाळ, एकाच जागी व एकाच वेळी, चार पावले चालताना पायांकडे पाहावे. काल पंजा सरळ पडत होता आणि आज उलटा पडतो, एवढा फरकही पशुवैद्यकास त्याच दिवशी कळविण्याजोगा आहे.

पाय गेल्यास

उभे राहता न येणे ही तातडीची अवस्था होय. खोल वेदनेची जाणीव शिल्लक असताना शस्त्रक्रिया झाल्यास बहुसंख्य कुत्री पुन्हा चालू लागतात. जाणीव गेल्यानंतर ही शक्यता सुमारे निम्म्यावर येते आणि शस्त्रक्रियेवाचून ती त्याहूनही पुष्कळ कमी राहते. येथे प्रश्न दिवसांचा नसून तासांचा असतो. साध्या क्ष-किरण चित्रात मणके दिसतात, मज्जारज्जूवरील दाब दिसत नाही, त्यासाठी सी. टी. किंवा एम. आर. आय. तपासणी लागते. मग मणक्याच्या बाजूच्या हाडास खिडकी पाडून आत साचलेला गाभा काढून टाकला जातो. ही सोय प्रत्येक तालुक्यात मिळणार नाही. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून तेथे अगर मोठ्या शहरातील खासगी रुग्णालयात आधी विचारणा करूनच निघावे, म्हणजे बंद दारापुढे तास वाया जात नाहीत. वाटेत कुत्र्यास जेवणाचा मोठा पाट किंवा फळी यावर गोधडी घालून आडवे निजवावे व रुंद फडक्याने छातीपाशी आणि कमरेपाशी सैलसर बांधावे. मांडीवर बसवून नेऊ नये.

शस्त्रक्रियेचा खर्च प्रत्येकास झेपतो असे नाही, व तो न झेपणे हा गुन्हाही नाही. बोटांत जाणीव असलेले पांगळे कुत्रेसुद्धा कडक विश्रांती व शुश्रूषा यांवर पुन्हा चालू लागल्याची पुष्कळ उदाहरणे आहेत; मात्र त्यास आठवडे, प्रसंगी महिने लागतात. या शुश्रूषेत मूत्राशय रिकामे करणे हे पहिले काम. अंथरूण ओले दिसले म्हणजे लघवी झाली असे समजू नये. तुडुंब भरलेल्या मूत्राशयातून ती नुसती पाझरत असते. पोट दाबून लघवी काढण्याची रीत पशुवैद्यकाकडून हातास हात लावून शिकून घ्यावी व ती दिवसातून तीन-चार वेळा करावी. कूस दर चार तासांनी बदलावी, अंथरूण कोरडे ठेवावे, कोपरे व मांड्यांची हाडे लाल होत नाहीत ना हे रोज पाहावे. मागील पायांचे सांधे दिवसातून दोन-तीन वेळा हळुवार हलविण्यासही पशुवैद्यकाच्या संमतीने हरकत नाही.

जाणीव पूर्णपणे गेलेल्या काही कुत्र्यांत, साधारण दहांतील एकात, मज्जारज्जू मऊ पडत जाऊन ती विकृती पुढे पुढे सरकते. लुळेपणा कमरेकडून छातीकडे चढणे, पोट सैल पडणे, शेपूट व गुदद्वार शिथिल होणे, पुढे पुढच्या पायांतील बळ जाणे व श्वास जड होणे ही तिची चिन्हे आहेत. बहुधा पहिल्या आठवड्यातच ती दिसतात. त्यावर औषध नाही. अशा प्रसंगी पशुवैद्यकाच्या हातून वेदनारहित मरण देणे हाच कुत्र्यावरील शेवटचा उपकार ठरतो, आणि तो निर्णय श्वास कोंडेपर्यंत लांबवू नये.

बरे झाल्यानंतर

मुदत संपली म्हणून पाचव्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी दार सताड उघडू नये. प्रथम पाच मिनिटे दोरीवर सपाट जमिनीवरून चालवावे, दर दोन-तीन दिवसांनी थोडा वेळ वाढवावा व दोन-तीन आठवड्यांत पूर्ववत हिंडू द्यावे. एक चकती फाटलेल्या कुत्र्याच्या बाकीच्या चकत्याही त्याच वयाच्या व त्याच गुणाच्या असतात. त्यामुळे हा विकार पुष्कळांत उलटतो. पलंग, कोच व मोटारीची बैठक यांवर चढण्यासाठी खरखरीत गोणपाट लावलेली उतरती फळी ठेवावी. फरशीवर त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेत सतरंजी किंवा काथ्याची पायघडी अंथरावी. गळ्यातील पट्टा केवळ बिल्ल्यापुरता ठेवून दोरी छातीच्या पट्ट्यास लावावी. रोजचे संथ चालणे मात्र सोडू नये. बळकट स्नायू कण्यास आधार देतात.

वजनाकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. घरातील पाच माणसे प्रत्येकी पोळीचा एकेक तुकडा तुपाला लावून देतात आणि कोणासच वाटत नाही की आपण अधिक दिले. फासळ्यांवरून हात फिरविला असता त्या हलक्या दाबाने एकेक हातास लागाव्या, वरून पाहिले असता कंबर बारीक दिसावी. विश्रांतीच्या काळात हालचाल नसल्याने अन्न तसेही कमी करावे लागते. त्याच वेळी बशीत एक माप ठरवून घेतल्यास पुढे तेच चालू ठेवणे सोपे जाते.

पिल्लू घेताना आई-बापांस, व शक्य असल्यास त्यांच्या आई-बापांस, पाठीचा त्रास झाला होता काय, हे विचारावे. आठ-दहा वर्षांचे होऊनही निर्धास्त चालणाऱ्या कुत्र्याची संतती पसंत करावी. डेन्मार्क, फिनलंड यांसारख्या देशांत डॅशहुंडाच्या पैदाशीपूर्वी, सुमारे दोन ते चार वर्षांच्या वयात, पाठीचे क्ष-किरण चित्र काढून चुना साठलेल्या चकत्या मोजतात व ज्यांत त्या अधिक असतील अशी कुत्री पैदाशीसाठी वापरण्याचे टाळतात. पाठदुखीने एकदा आजारी पडलेला कुत्रा आपल्याकडेही पैदाशीसाठी वापरू नये.

ज्या घरात असा कुत्रा आहे तेथे लसीकरणाच्या कार्डाबरोबर एक लहान वही ठेवावी. तीत कुत्र्याचे वजन, पहिल्या दुखण्याची तारीख, पायांची त्या वेळची स्थिती, दिलेली औषधे व ती बंद केल्याची तारीख, आणि रात्री उघड्या असणाऱ्या जवळच्या पशुवैद्यकीय रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवावा. पिंजरा मोडून जळणात घालू नये. धुऊन माळ्यावर ठेवावा.